रेषेवरचे नाना

नाना फुटबॉलचा सामना बघत नसत, चालत. मैदानाच्या कडेला चुन्याची रेषा असे, तिच्यापासून हातभर बाहेर राहून ते चेंडूबरोबर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात. चपला हातात, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर पांढरी टोपी. चेंडू पळाला की तेही पळत, थांबला की थांबत. बदली होऊन जळगावला आलो त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं आणि हे पंचांपैकी कोणी असावेत असं समजलो. शेजारच्या माणसाने सांगितलं की पंच कसले, तुमच्याच पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ट्रेसर आहेत. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खरंच तो माणूस टेबलावर वाकून, जिभेचं टोक दातांत धरून, नकाशावर कालव्याची रेषा ओढत होता.

नाना यावलकडचे, केळीवाल्या घरातले. शेती धाकट्या भावाकडे सोपवून ते नोकरीला आले. स्वतः फुटबॉल कधी खेळले नव्हते. शाळेत एकदा चेंडू कानावर बसला, तेवढाच त्यांचा खेळाडू म्हणून अनुभव. पण शहराच्या संघाचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही. मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचतो म्हणून ते मला मास्तर म्हणू लागले आणि ओढून मैदानावर नेऊ लागले. मला खेळात फार गोडी नव्हती, मात्र त्याच्या आजूबाजूला जे चाले त्यात होती. हिवाळ्यातल्या ढालीच्या स्पर्धेला अध्यक्ष म्हणून कापसाच्या जिनिंग कारखान्याचे एक मालक असत. सामना सुरू करायला ते चेंडूला लाथ मारत, आणि एका वर्षी चेंडू जागेवर राहून त्यांचा बूट मैदानात गेला होता. त्यांचं भाषण लांबू लागलं की नाना मला कोपर मारून म्हणत, "गेले साहेब ऑफसाइड. शिट्टी कोणी वाजवत नाही."

सुधाकर हा नानांचा राइट आउट, म्हणजे उजव्या कडेने धावणारा. नानांचा म्हणायचं कारण असं की त्याच्या बाजूच्या रेषेवरून नाना चालत. सुधाकर पाचोऱ्याचा, बाप रेल्वेत गँगमन, जळगावला कॉलेजात शिकत होता. पहिल्याच वर्षी नानांनी त्याच्या बरगड्या पाहिल्या आणि सामन्याच्या आदल्या संध्याकाळी घरी जेवायला आणलं. बौद्ध घरातलं पोर थेट स्वयंपाकघरात जेवतं, हा नानांच्या गल्लीत तेव्हा चर्चेचा विषय होता. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, त्याचं ताट चुलीपाशीच मांडलं. शेजारणीने आडून विचारलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "माझ्या चुलीचा धूर तुमच्या घरात येतो का? नाही ना? मग झालं." चार वर्षं हा परिपाठ चालला. सुधाकर पाचोऱ्याला आणि कॉलेजात सगळ्यांना सांगे की जळगावला माझं एक घर आहे.

जेवणाबाबत नानांचा एक सिद्धांत होता. "पोटात असेल ते पायात उतरतं. पण त्याला एक रात्र लागते." म्हणून भाकरी आदल्या दिवशी पोटभर, आणि सामन्याच्या दिवशी फक्त दोन केळी. संघातली पोरं याला नानांचा कायदा म्हणत. एकदा गोलकीपरच्या हातात सामन्याआधी भज्यांचा पुडा दिसला, तर नानांनी तो काढून घेतला आणि त्याच्यासमोर स्वतः संपवला.

कॉलेज संपल्यावर सुधाकर धुळ्याला गेला. तिथल्या एका कारखान्याने फुटबॉलचा संघ उभा करायला घेतला होता, खेळणाऱ्या पोरांना हंगामी नोकरी मिळत होती. जळगावात संताप उसळला. चहाच्या टपरीवर त्याला गद्दार म्हणणाऱ्यांत असेही होते ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. नाना त्यांना म्हणाले, "त्याला एक पोट आहे आणि पाचोऱ्याला चार आहेत. तुमची ढाल काय शिजवून खायची त्यानं?" पण पुढच्या सामन्याला आमच्या बाजूने राइट आउटला दुसराच मुलगा होता, आणि नाना त्याच्या बाजूने दोन फेऱ्या मारून थांबले. मला म्हणाले, "मास्तर, पाय त्या बाजूलाच जातात. डोळ्याला मात्र तिथं कोणी दिसत नाही."

त्या वर्षी धुळ्याने आम्हाला धुळ्यात हरवलं. सुधाकरने एक गोल केला. नानांनी ती बातमी वर्तमानपत्रातून कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली, आणि कोणी विचारलं तर जळगाव कसं हरलं यावर तासभर चिडून बोलले. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर.

पुढच्या हिवाळ्यात ढालीचा अंतिम सामना जळगावला होता. जळगाव विरुद्ध धुळ्याचा कारखाना. धुळ्याचा संघ रविवारी सकाळी ट्रकने आला, सामना दुपारी तीनचा. संघाची व्यवस्था एका शाळेत होती, पण सुधाकर तिकडे न जाता पिशवी घेऊन सरळ नानांकडे आला. मी तिथे होतो, कारण त्या रविवारी भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी. हे खाऊन माणसाने झोपावं, अशीच त्याची रचना आहे.

अक्कांनी सुधाकरचं ताट नेहमीच्या जागी मांडलं. दीड वर्षाने तो त्या घरात जेवत होता आणि तसाच जेवत होता. अक्का मेसचं जेवण कसं असतं वगैरे विचारत होत्या. मध्येच तो म्हणाला, "अक्का, ढाल नेली तर साहेब पाच जणांना कायम करणार आहेत. यादीत माझं नाव दुसरं शे." अक्कांनी देवाच्या फोटोकडे पाहून हात जोडले. नानांनी भरिताचं भांडं जवळ ओढलं, त्याच्या ताटात दोन डाव घातले, वर कच्चं तेल सोडलं आणि आणखी एक भाकरी ठेवली. सुधाकर नको म्हणाला नाही. त्या घरात नको म्हणायची त्याला सवयच नव्हती. मला नानांचा कायदा आठवला. पण माझ्याही ताटात भरीत होतं, आणि जळगाव जिंकलं असतं तर मला काही वाईट वाटणार नव्हतं.

सामन्यात नाना सुधाकरच्या बाजूने चालले. ओरडत होते जळगावसाठी आणि चालत होते सुधाकरबरोबर. लोकांनी टोमणे मारले, नाना, आज पगार धुळ्याचा का, असंही कोणी विचारलं. पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. सुधाकर जड वाटत होता, सावकाश वळत होता. मध्यंतरात मी खुर्च्यांच्या रांगेत अध्यक्षांच्या मागे बसलो होतो. ते म्हणाले, हा पोरगा आज थंड दिसतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आपला बारावा खेळाडू त्याच्या पोटात आहे. सकाळीच नानांनी वाढलाय." अध्यक्ष इतके हसले की त्यांना ठसका लागला. आपलं वाक्य जमलं, याचा मला आनंद झाला.

दुसऱ्या अर्ध्यात रेषेलगत एक लांब चेंडू सुधाकरसाठी आला. असा चेंडू त्याने चार वर्षांत सोडलेला मी पाहिला नव्हता. दहा-बारा पावलं तो धावला, मग कुशीवर हात दाबून वाकला. आमच्या बॅकने चेंडू घेतला, पुढे मारला, आणि तोच गोल झाला. मैदान उसळलं. रेषेच्या आत सुधाकर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता, रेषेच्या बाहेर नाना उभे होते. नाना त्याला पाणी हवं का असं विचारत होते, हे मी लांबून त्यांच्या हातावरून ओळखलं. त्याने नको म्हणून मान हलवली. उरलेला वेळ नाना तिथेच उभे राहिले. चेंडू दुसरीकडे पळत होता, तरी ते हलले नाहीत.

बक्षीस समारंभात धुळ्याची पोरं उपविजेते म्हणून एका ओळीत उभी होती. अध्यक्षांनी माइक घेतला. आज आपले अकरा नव्हे, बारा खेळाडू होते, असं म्हणून ते थांबले आणि मग सांगितलं की बारावा आपल्या नानांनी सकाळीच सुधाकरच्या पोटात उतरवला होता. माझं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं गेलं. सगळं मैदान हसलं. नानांना वर बोलावून त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. नाना गोंधळलेले होते. त्यांनी लोकांकडे पाहिलं, आणि तेही हसले. सुधाकर ओळीत उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. मग धुळ्याचा ट्रक निघाला तेव्हा तो पुढे, ड्रायव्हरशेजारी बसला होता. नाना ट्रककडे गेले, पण तोवर ट्रक हलला होता.

चार महिन्यांनी कळलं की कारखान्याने संघ मोडला आणि सुधाकरची नोकरी गेली. नाना मला म्हणाले, मास्तर, धुळ्याला चला, मला एकट्याने जायला नको वाटतं. एसटीत एरंडोलपर्यंत ते तिकीट दुमडत बसले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "गोल झाला तेव्हा मले आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? त्याच्या शेजारी उभा राहून झाला." बाराव्या खेळाडूचं वाक्य कोणाचं, ते सांगायला ती वेळ चांगली होती. मी खिडकीबाहेरची उघडी शेतं बघत बसलो.

सुधाकरची खोली धुळ्यातल्या देवपुरात होती. सामान बांधून ठेवलेलं, दोन दिवसांनी तो सुरतेला जाणार होता, तिथे कोणी ओळखीच्याने काम बघितलं होतं. त्याने आम्हाला खाटेवर बसवलं, शेजारून चहा आणला, अक्कांची चौकशी केली. सगळं नीट चाललं होतं आणि म्हणूनच बसवत नव्हतं. शेवटी नानांनी विचारलं, "सुधाकर, त्या दिवशी मी तुला मुद्दाम वाढलं, असं तुला वाटतं का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले समजत नाही. चार महिने तेच पाहून राहिलो. तू कायमचं बोलला आणि मी भांडं उचललं, एवढं आठवतं. कशासाठी उचललं ते आठवत नाही."

सुधाकरने कप खाली ठेवला. "घास माझ्या हातात होता, नाना. कायदा मला पण माहीत होता. ते मी तुमच्यावर टाकणार नाही." त्याने नानांचा रिकामा कप उचलून घेतला. "पण अध्यक्ष माइकवर बोलले, बठ्ठं मैदान हसलं. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही पण हसले."

नाना म्हणाले, "हो. हसलो."

"माझं जळगावचं घर त्यांनी माइकवर घेतलं, आणि तुम्ही घेऊ दिलं. एवढंच."

तो आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आला, वाकून नानांच्या पाया पडला. दोन वर्षांनी त्याच्या लग्नाची पत्रिका आली, नाना आणि अक्का पाचोऱ्याला जाऊन आले. त्याने दोघांना पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढलं. जळगावच्या घरी मात्र तो पुन्हा आला नाही. नाना मैदानावर जात राहिले, रेषेवरून चालत राहिले. खेळ सोडून देण्याइतकं नाटक त्यांच्या अंगात नव्हतं.

ती गोष्ट मात्र कचेरीत मुरली होती. नवा माणूस आला की कोणीतरी त्याला भरिताचा किस्सा सांगे. नाना निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी तोच सांगितला, विनोदी आठवण म्हणून. लोक हसले. नाना उत्तराला उठले. आभार मानायची त्यांची चिठ्ठी मीच लिहून दिली होती, ती त्यांनी खिशातून काढलीच नाही. म्हणाले, "साहेबांनी सांगितलं ते ऐकायला गमतीचं आहे. पण तो पोरगा तेव्हा समोर उभा होता, आणि मी हसलो. मी हसायला नको होतं." आणि बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला ठरवता येईना. दोघांनी वाजवल्या, मग थांबवल्या. सूत्रसंचालकाने चहा घेऊन जावा अशी विनंती केली.

संध्याकाळी त्यांना घरी सोडायला गेलो. त्यांच्या हातात हार, माझ्या हातात कचेरीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. गल्लीच्या तोंडाशी मी सांगून टाकलं की नाना, ते बाराव्या खेळाडूचं वाक्य माझं होतं, अध्यक्षांना मीच म्हणालो होतो.

"मले माहीत आहे," नाना म्हणाले. "दुसऱ्या दिवशीच अध्यक्षांनी सांगितलं होतं. तुमचे मास्तर फार मजेदार बोलतात म्हणाले."

मी विचारलं, मग इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी काही बोलला कसे नाहीत.

नानांनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं. "मी काय बोलणार? तुम्ही बोलले, मी हसलो. माझं मी आज सांगून टाकलं. तुमचं तुम्ही पाहा, मास्तर."