बंड्याच्या तोंडातली गाठ

हे सांगताना अजून माझी मान वर होत नाही. आमचा बंड्या नऊ वर्षांचा कुत्रा. महिनाभर त्याच्या तोंडाला घाण वास यायचा, लाळेत रक्ताची रेघ दिसायची, भाकरी एकाच बाजूनं चघळायचा. बायको रोज म्हणायची, "अहो, दवाखान्यात दाखवा की त्याला." मी म्हणायचो, "म्हातारा झालाय, दात किडला असंल." सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला बसलं की तो वास सहन होईना, म्हणून मी त्याला मागच्या अंगणात पत्र्याखाली बांधलं. देवासाठीच बांधलं, अशी मनाची समजूतही घातली.

एका सोमवारी दावं तोडून तो माझ्यामागं महादेवाच्या देवळापर्यंत आला. पायरीवर रक्ताळलेली लाळ सांडली. लोक बघायला लागले. लाजेपायी मी हातातला तांब्या त्याच्यावर उगारला.

"मारू नका, दादा." पायरीवर बसलेली एक अनोळखी बाई उठली. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, अलगद ओठ वर केला. खालच्या दातांच्या मुळाशी काळपट गाठ होती. "माझ्या मालकाच्या तोंडात अशीच गाठ व्हती. दात दुखायलाय म्हणत आम्ही बसून राहिलो, अन् ते गेले. तुम्ही आजच न्या."

दर्शन न घेताच मी वळलो. आमच्या लातुरातल्या डॉक्टरबाईंनी भूल देऊन गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, गळा चाचपला, छातीचा एक्स-रे काढला. कॅन्सर निघाला, पण छातीत पसरल्याचं दिसत नव्हतं. गाठीसोबत जबड्याचा तुकडा काढावा लागणार होता.

"मग हा खाणार कसा?" मी विचारलं.

"तो शिकेल हो," त्या म्हणाल्या. "पण आधी आणलं असतं, तर इतकं हाड कापावं लागलं नसतं."

ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बाकावर बसलो. देवाकडे मागायला तोंडच नव्हतं. इतकंच म्हणालो, "आता तुझ्या हवाली."

बंड्या वाचला. जीभ एका बाजूला लोंबते. वरणभाताचे मऊ गोळे मी हातानं भरवतो. गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून तपासणीला नेत असतो. त्या बाईला नंतर कितीतरी सोमवार शोधलं, भेटली नाही. ती कोण, हे मी ठरवत नाही. स्वतःचं दुःख उघडं करून तिनं माझं कुत्रं वाचवलं, एवढं मला माहीत आहे.

शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मला आजवर वाटायचं. खरं तर डोळे उघडायचीच भीती होती. बंड्या अजून किती दिवस, ते महादेव जाणे. माझ्यासारख्याच्या हातून तो अजून जेवतो, ही देवाचीच कृपा.