दारातली बाई

काल नातू पलटणीतनं सुट्टीवर आला. सुनेनं दारातच त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या गुऱ्हाळावरनं उकळत्या रसाचा वास येत होता. मी सुनेला म्हणालो, "सत्तर सालात मी असाच आलो, तवा तुझ्या सासूनं मला ओवाळलं. हिरवं लुगडं, डोईवर पदर."

माझी धाकटी बहीण सखू हसली. "आरं दादा, ओवाळलं आईनं. वहिनी गुऱ्हाळावर जाळ घालत व्हती. तोंडभर काजळी. तूच इचारलंस, ही बाई कोण म्हून!"

पलटणीत जो तो सांगायचा, बायको दारात उभी होती. ऐकून ऐकून मीबी माझीला तिथंच उभी केली. ती जाऊन वर्ष झालं. रोज डोळे मिटून मी त्या दारातल्या बाईलाच बघत होतो.

उठून गुऱ्हाळावर जाऊन बसलो. त्या सुट्टीत तिनं इथंच माझ्या हातावर गरम गूळ ठेवला होता. चटक्यानं मी ओरडलो आन ती हसली. चटका आठवला, हसू आठवलं. तोंड काय दिसंना.

दारातली नटलेली बाई कुणाचीबी असंल. मला माझी काजळीतली पायजे.