गोठ्यातली केबिन

अशी दारापाशी बॅग मांडीवर घेऊन काऊन बसलीस गं? इकडे ये, आजीजवळ. आल्या आल्या निघायची घाई! आणि वर म्हणतेस, मामा जहाजावर काय करतो ते मैत्रिणींना सांगता आलं नाही. कधी विचारलं होतंस मला? आता ऐक.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे काही वर्षांमागं चार जिल्हे झाले. वांकिडीकडचे लोक नव्या जिल्ह्यात गेले, आपण जुन्यातच राहिलो. नव्या कचेऱ्या मांडायच्या म्हणून सुतारांना काम निघालं. तुझा मामा सुतार, पण दारं-चौकटी बाजारात तयार मिळायला लागल्यापासून त्याचा रंधा नुसता पडून होता. तो तिकडे पार्टिशनं ठोकायला गेला. तिथला मिस्त्री नागपूरकडचा, मोठाल्या प्रवासी जहाजांवर काम केलेला. त्या जहाजांत लोक कुठं पोचायला नाही, नुसते फिरायला बसतात म्हणे. त्यांच्या झोपायच्या खोल्या, म्हणजे केबिनी, जुन्या झाल्या की जहाज गोदीत उभं करून आतलं सगळं उपसायचं आणि नवं बसवायचं. कचेरीचं काम संपलं की मिस्त्री तिकडेच परतणार होता, आणि एक माणूस सोबत नेणार होता. मामाला म्हणाला, आधी एक केबिन बनवून दाखव.

झालं. गोठ्याच्या अर्ध्या भागात बैल आणि अर्ध्या भागात जहाज. प्लायच्या भिंती, एका माणसापुरतं दार, आत कपाट आणि सागाचा पलंग. गावातल्या बाया बघायला यायच्या. शेजारीण म्हणाली, "काकू, पाणी कवा सोडता?"

मिस्त्री आला. पलंगावरून हात फिरवला, सांधे पाहिले, मान डोलावली. मग म्हणाला, "आता हा बाहेर काढ."

पलंग निघेना. आडवा धरला, उभा धरला, दारात अडकलाच. आपल्याकडे ज्वारीची कणगी खोलीतच विणतात, दाराहून मोठी. ती बाहेर काढायचा विचार कोण करतो? मामानं पलंगही तसाच आतल्या आत जोडला होता, खिळे ठोकून पक्का. मिस्त्री हसला नाही. म्हणाला, जहाजात बोळ अरुंद, जिने उभे. जे दारातून जात नाही ते तिथं चालत नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा बघतो.

तो गेला तसा मामा गव्हाणीवर बसला. "माय, मले नाही जमत हे. मी उद्यापासून जिनिंगमधी कापसाच्या गठाणी उचलतो."

"उचल," मी म्हटलं. "पन आधी हा पलंग काढ, बैलाले जागा पायजे."

रागारागानं त्यानं करवत घेतली, एक बाजू कापली आणि थांबला. बैलबंडीच्या उभाऱ्या, म्हणजे कडेचे उभे दांडे, आपण उपसून ठेवतो ना, तशाच पलंगाच्या बाजू उपसता आल्या तर? हे त्यालाच सुचलं, मी नुसतं फळीचं दुसरं टोक धरलं होतं. मग खिळे गेले, खुंट्या आणि स्क्रू आले. आमी दोघं मायलेक काढ-घाल करत राह्यलो. आजही मला पलंग जोडता येतो, हसू नकोस.

बाजाराच्या दिवशी मिस्त्रीनं पलंग बाहेर काढायला लावला, पुन्हा आत घालायला लावला. चहा पिताना मला विचारलं, "मावशी, पोराले धाडता का?"

समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. "न्या," मी म्हटलं, "पन जेवला का ते विचारत जा."

पहिल्या जहाजावरून मामानं फोन केला. जुने पलंग, जुना गालिचा, भिंतीच्या फळ्या, सगळं बाहेर. मग नवं आत. म्हणाला, "माय, मी बसवलेल्या पलंगावर कोन झोपते, कोनाले ठाऊक." मी म्हटलं, त्याला झोप लागू दे म्हणजे झालं. आता त्याच्या हाताखाली उटनूरकडची दोन पोरं काम शिकून राह्यली आहेत.

पोळ्याला तो सुट्टीवर येतोय. समुद्राचं मला काय सांगता येणार, ते त्याच्याच तोंडून ऐक. चार दिवस राहायला ये, आणि लवकर ये गं.