बाराव्या एपिसोडचा शेवट

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण ‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता’ असं म्हणून सुरुवात करतो. मी त्याच्याही पुढचा होतो. कुणी असले अनुभव लिहिले की खाली कमेंटमध्ये जाऊन त्याची सालटी काढणारा तो मीच. जुने सभासद ओळखतील मला. आज मीच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर काहींना आनंदही होईल... होऊ द्या.

माझी दुसरी ओळख म्हणजे याच फोरमवर दर तीन महिन्यांनी ‘या सीझनला कोणत्या नव्या अ‍ॅनिमे बघाव्यात’ ही यादी टाकणारा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी – जपानमध्ये नव्या अ‍ॅनिमे मालिका वर्षातल्या ठरावीक चार महिन्यांत सुरू होतात, आठवड्याला एक एपिसोड, बहुतेकांचे बारा. त्यांना कुणी कार्टून म्हटलं की माझं डोकं फिरायचं. वय चौतीस, घरात बहीण आजारी, आणि डोकं फिरायला कारण काय, तर हे!

बहीण म्हणजे माझी मोठी ताई. आम्ही नागपूरच्या महालातले. घरात पूर्वी हातमाग होता, तो बाबांबरोबरच गेला. ताई ब्लाऊज शिवायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं – मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. सक्करदऱ्याकडे एका खासगी दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळचा सहा नंबरचा बेड. मंगळवार-गुरुवार आई जायची, शनिवारी मी. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे ताई तोंडात बर्फाचा खडा धरून बसायची. चार तास करायचं काय, म्हणून मी तिला अ‍ॅनिमे दाखवायला लागलो. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या.

तिला भांडणाच्या, तलवारींच्या मालिका आवडायच्या नाहीत. म्हणून गेल्या जुलैच्या सीझनला मी तिच्यासाठी एक संथ मालिका निवडली. नाव सांगत नाही. सांगितलं की लोक ती शोधून बघत बसतील आणि ताई राहील बाजूला. गोष्ट साधी. डोंगरातल्या नदीवर नाव चालवणारी एक मुलगी, नदीला दरवर्षी पूर, आणि मदत आणायला दूर शहरात निघालेला तिचा धाकटा भाऊ. आधी पुस्तक नाही, चित्रकथा नाही, त्यामुळे पुढे काय होणार हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी एपिसोड यायचा, शनिवारी सकाळी आम्ही बघायचो.

शेजारच्या सात नंबरच्या बेडवर कुहीकडचे एक काका असायचे. साठीचे, जाड भिंगांचा चष्मा. घरी भाताची शेती, ती मुलगा बघतो. आम्ही पोचायच्या आधीच ते आडवे झालेले असायचे आणि आम्ही निघालो तरी त्यांचं मशीन चालूच असायचं. आमच्या फोनकडे तोंड करून पडायचे, म्हणून मी स्क्रीन थोडी त्यांच्याकडे तिरपी करायचो. आवाज तर आमच्या कानात. भाषा जपानी, खाली अक्षरं इंग्रजी.

तिसरा एपिसोड संपला आणि काका म्हणाले, “आता ते पोरगी आपले केस कापते पाहा. अन् त्याचा दोर वळते.”

ताई हसली. “काहून कापन काका? इतके लंबे केस!”

“नावेचा दोर तुटते ना वं,” काका म्हणाले.

पुढच्या शनिवारी नावेचा दोर तुटला. मुलीने कंबरेपर्यंतचे केस कापले आणि रात्रभर बसून त्याचा दोर वळला. माझ्या कानातला इअरफोन गळून पडला. ताईने काकांकडे बघून नुसती मान हलवली.

मी म्हटलं, योगायोग. गोष्टी ऐकून ऐकून म्हाताऱ्या माणसांना अंदाज येतो. पण पाचव्यानंतर ते म्हणाले, “तो बुढा नावाडी मुका नाही गा. बोलते तो. पोरीच्या मायचं नाव घेते.” सहाव्यात तो म्हातारा बोलला. पहिला शब्द आईचं नाव.

आता मी काय केलं ते ऐका. दुसऱ्या कुणी त्या माणसाचे पाय धरले असते, नाहीतर भिऊन बेड बदलून मागितला असता. मी काकांना पुढचं विचारून घेतलं, फोरमवर आलो आणि ‘माझे अंदाज’ म्हणून पुढच्या दोन एपिसोडांत काय होणार ते लिहून टाकलं. दोन्ही खरे ठरले. तुम्ही लोकांनी मला डोक्यावर घेतलं, आठवतं? कुणी मला ‘नागपूरचा ज्योतिषी’ म्हणालं. मी ते वाचून गालातल्या गालात हसत होतो. काकांचा उल्लेख एका अक्षराने केला नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट लांबत होती. ताईला किडनी हवी होती. आईला शुगर, बाबा नाहीत, राहिलो मी. रक्तगट जुळत होता. पुढच्या तपासण्यांना दोन दिवस द्यायचे होते. दोनदा तारीख घेतली, दोनदा पुढे ढकलली – एकदा ऑफिसचं कारण, एकदा सर्दीचं. खरं कारण एकच, मी घाबरलो होतो. ताई दर शनिवारी मशीन सुरू झालं की विचारायची, “नित्या, त्या तपासणीचं काय झालं रे?” आणि मी म्हणायचो, “हा सीझन संपू दे, मग नक्की.” जणू जपानवाले माझ्यासाठी थांबले होते!

आठवा एपिसोड संपला तेव्हा मुलगी पुरात एकटी आणि भाऊ अजून वाटेतच होता. काका हळूच म्हणाले, “शेवट सांगू का?”

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. “नाही काका! स्पॉयलर नको! ही माझी सगळ्यात आवडती आहे.”

अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना हा रोगच असतो. शेवट आधी कळणं म्हणजे पाप. त्यांच्या अंदाजांवर फुकटची वाहवा मिळवताना हे पाप मला दिसलं नव्हतं, ते तेव्हा दिसलं.

“मले सांगा काका,” ताई म्हणाली. त्यांच्याकडे कूस वळवून तिने कान पुढे केला. काका काहीतरी पुटपुटले. मी कानावर हात ठेवून भिंतीकडे बघत होतो.

त्यानंतर ताईने तपासणीचं विचारणं बंद केलं. नववा, दहावा एपिसोड तिने आरामात बघितला. मी म्हटलं, “काय सांगितलं गं काकांनी?” तर म्हणाली, “तूच तं नको म्हणत होता. पाहजो आता.” मला वाटलं, रागावली. आणि खरं सांगतो, ती विचारत नाही म्हणून मला बरंच वाटत होतं.

दहाव्या एपिसोडनंतर सोमवारी तिला थंडी वाजून ताप भरला. डायलिसिससाठी बसवलेल्या नळीतून, कॅथेटरमधून, इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. गुरुवारी दुपारी ताई गेली. बेचाळीस वर्षांची होती.

तिची शाल दवाखान्यातच राहिली होती. नऊ दिवसांनी, शनिवारी सकाळी ती आणायला मी गेलो. बारावा, म्हणजे शेवटचा एपिसोड आदल्या संध्याकाळी आला होता. मी अकरावाही बघितला नव्हता. सहा नंबरवर दुसरंच कुणी होतं. काका सातवर होते, आणि त्या दिवशी त्यांचा मुलगा सोबत बसला होता. मी विचारलं, “काका, तुम्ही ताईला काय सांगितलं होतं?”

माझा आवाज ओळखून ते थोडे वळले. “तेच सांगतलं गा, जे दिसलं ते. म्हणलं, पोरी, भाऊ येते. बहीण बुडायच्या आधी येते. तू फिकर नको करू.”

“अन् ती काय म्हणाली?”

“म्हणे, नक्की ना काका? मी म्हणलं, आजवर माहं चुकलं का?”

मी त्यांच्या मुलाला म्हटलं, तुमचे बाबा फोनमध्ये बघून पुढचं कसं काय सांगतात हो?

“फोनमध्ये? दादा, बाबाले दोन वर्षं झाली, काहीच नाही दिसत. शुगरनं डोळे गेले ना. चष्मा सवयीनं लावते. तुमच्या ताईले तं माहीत होतं. मले उशीर झाला की ताईच सिस्टरले आवाज देऊन बाबाले पाणी द्यायले लावत.”

मी घरी येऊन दोन्ही एपिसोड लागोपाठ बघितले. बाराव्यात नाव फुटते, मुलगी फळीला धरून असते, हात सुटणार इतक्यात भाऊ पोचतो. दोघं काठावर बसून भात खातात. तुम्ही सगळ्यांनी पाच तारे दिले. काकांचं हेही बरोबर निघालं.

ज्याला मालिकेचा आवाज ऐकू येत नव्हता, अक्षरं कळत नव्हती आणि डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, त्या माणसाला अजून न आलेले एपिसोड कसे कळत होते, हे मला आजही माहीत नाही. मी कुहीला जाऊन आलो, डॉक्टरांना भेटलो, सगळं करून झालं. कृपा करून कमेंटमध्ये तर्क लढवू नका. यादीसाठीही मेसेज करू नका, मी यापुढे कुणाला काही बघा म्हणून सांगणार नाही.

मला फक्त ते दोन शनिवार आठवतात. मला वाटत होतं ताई रागावली आहे. ती रागावली नव्हती. काकांना दिसत नाही हे तिला माहीत होतं, म्हणूनच त्यांच्या शब्दावर तिचा पूर्ण विश्वास होता. भाऊ येणार, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि ती माझी वाट पाहून राहिली होती.