काकांची शेवटची फेरी

‘‘डबल दे गो,’’ म्हणून काका हात मांडीवर ठेवून बसायचे. मी मागून टेबलावर दोनदा टकटक केल्याशिवाय पडद्यावरची बस जागची हलायची नाही. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी सोडणारा ड्रायव्हर तुम्ही तरी पाहिलाय का?

महाडला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. काका आमचे शेजारी, मूळचे उमरठकडचे. सगळा जन्म घाटात बस चालवण्यात गेला. पुढे काचबिंदूने कडेकडेचं दिसेनासं झालं. डेपोने डोळे तपासायला पाठवलं, ते नोकरी सुटून तिथूनच कायमचे घरी आले. ‘‘बाकीच्यांच्या शेवटच्या फेरीला गाडीला हार घालतात. माझी शेवटची फेरी कुठली, ता मलाच नाय ठाव,’’ म्हणायचे. उरलेली नजर जायच्या आत एकदा बस शेवटच्या थांब्याला नीट लावायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

नातीच्या मोबाइलवर घाटातल्या बसचा गेम सापडला आणि काकांना हुरूप आला. पण पडदा लहान, बोटं जाड. ब्रेक आणि हॉर्न एकाच बोटाखाली यायचे. मग मी क्लासमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. फुकट मिळणारी, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली सिस्टिम. तिच्या पोटात मोबाइलची सिस्टिम बसवली आणि त्या पोटात गेम. या उद्योगात माझं डोकं फुटायची वेळ आली. काकांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, ‘‘म्हंजे कॉम्प्युटरला वाटतंय, आपण मोबाइल हाय?’’

‘‘हो.’’

‘‘भोळा हाय बिचारा.’’

पहिलं वळण आलं तेव्हा त्यांनी कीबोर्डच दोन्ही हातांनी उचलून गर्रकन फिरवला. वायर ताणली, कप लवंडला, चहा माझ्या ओढणीवर. बस सरळ दरीत. ‘‘स्टेअरिंग जड हाय,’’ काका म्हणाले. बाणांच्या कळा दाबायच्या असतात, हे पटायला बरेच दिवस गेले.

गेमला भारी घाई. काकांना अजिबात नाही. थांब्यावर चित्रातली म्हातारी दिसली की ‘‘बसू दे तिला नीट,’’ म्हणून खोळंबायचे. क्लासची मुलं ओरडायची, ‘‘काका, दाबा ना!’’

‘‘माणसा हायत आत. पोती नाय.’’

इतकं जपूनही बस दरीत जायचीच. डाव्या बाजूची कड त्यांना दिसायचीच नाही. पडली की चेहरा असा उतरायचा, की मला त्या गेमचा राग यायचा आणि काकांविषयी माया वाटायची. दिवसेंदिवस ते पडद्याच्या आणखी जवळ सरकत होते.

शेवटी मी मुलांना गप्प केलं आणि शेजारी उभी राहिले. ‘‘डावीकडे जागा आहे... आता नाही... येऊ द्या, येऊ द्या.’’ काका एकेक कळ जपून दाबत होते. कपाळावर घाम आला होता. आणि बस लागली, शेवटच्या थांब्याला.

पडद्यावर मोठी लाल इंग्रजी अक्षरं आली. फार उशीर झाला, तुम्ही हरलात. काकांना ती वाचता आली नाहीत. मी घाईघाईने गेम बंद करायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

‘‘थांब गो. उतरली का सगळी?’’

मी त्या लाल अक्षरांकडे पाहिलं. ‘‘उतरली, काका. सगळी सुखरूप उतरली.’’

मग ते उठले. खुर्चीकडे तोंड करून, केबिनमधून उतरतात तसे, पायाने जमीन चाचपत खाली उतरले. पुन्हा त्या खुर्चीवर ते कधीच बसले नाहीत.