आमच्या वाटणीचं दार

मासे धरायचा सापळा मी आजही डोळे मिटून विणते. कामट्या ओल्या बांबूच्या घ्यायच्या, बांधायला पळसाच्या मुळांचा वाख. कामट्या खेटून बसवल्या की झिंगे सापडतात, विरळ बसवल्या की मोठा मासा. बारकी पिल्लं निसटतात, ती निसटू द्यावीत. हंगाम सरला की सापळा चुलीवर टांगायचा, धुरानं कीड लागत नाही. अगदीच मोडला तर कोंबडीची पिल्लं झाकायला होतो.

हे सगळं मी एटापल्लीकडच्या जंगलात शिकले. माझं माहेर सोलापूरकडचं, तिथं नदीलाच पाणी नाही तर मासा कुठला! चौथीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याच्या करवतकामामागं मी इतक्या लांब आले. त्या वर्षी पावसाळा ओसरताना त्याला हिवताप धरला. काम थांबलं. मडक्यातले तांदूळ तळाला गेले. घास तोंडात असतानाच मला पुढच्या घासाची धास्ती वाटायची.

शेजारी एक गोंड बाई राहायची. आवाज खणखणीत, आणि आपल्यासारखा सापळा गावात कोणाला येत नाही, हे स्वतःच सांगत फिरायची. ती दारात येऊन म्हणाली, "रडून का होते वं? नाल्यात बांध घालून राह्यले. चाल, दगड वाहाले. तुले बी एक दार भेटंल."

पाणी उतरू लागलं की वर चढलेले मासे नदीकडं परततात. तेव्हा सगळं गाव मिळून नाल्याला दगडाकाट्यांचा आडवा बांध घाली आणि दर घरामागं एक फट सोडी. तेच दार. त्यात सापळा लावायचा, तोंड वरच्या अंगाला. सापळा मात्र आपल्या हातचा हवा, मागून आणलेला चालत नसे. आणि दोन सकाळी रिकामा निघाला, तर ते दार शेजारच्या घराला जाई.

मी दगड वाहिले, बाईजवळ बसून सापळा विणला. तोंडाच्या आत कामट्यांचं दुसरं, निमुळतं तोंड असतं. त्याची टोकं मोकळी सोडलेली पाहून माझा जीव राहीना. आलेला मासा परत गेला तर? घरी नेऊन मी ती टोकं वाखानं आवळून टाकली.

पहिल्या सकाळी सगळ्यांचे सापळे फडफडत वर आले. माझ्यात पळसाची दोन पानं.

"भाजी चांगली हाये," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

बांधावर देखरेख करणारे म्हातारे भाऊ हसले नाहीत. "उद्याच्याले पाहू," एवढंच बोलले. उद्याही पानंच निघाली तर दार गेलं, आणि घरात तापलेला माणूस.

बाईनं सापळा ओढून घेतला. "हात घाल आत."

मी घातला. बोटं आतल्या तोंडाशीच अडली.

"तुहा हात जाऊन नाई राह्यला, मंग मासा कुठून जाईन? काऊन बांधलं हे?"

"निसटतील म्हणून, बाई."

"अवं, आधी येऊ तं दे त्याले! पाहुणा यायच्या आधीच कडी लावून बसली!"

तिनं विळ्यानं वाख कापला. आता हात सहज आत गेला. काढायला गेले तर कामट्यांची टोकं मनगटात रुतली.

"हं. आता ओढ," ती म्हणाली, आणि माझी तारांबळ पाहून पोट धरून हसली.

दुसऱ्या सकाळी सापळा मला एकटीला उचलेना. सापळ्याच्या मागच्या टोकाची गाठ सोडली तसे झिंगे, दोन मरळ आणि नाव माहीत नसलेलं बरंच काही टोपलीत पडलं. भाऊंनी वाकून पाहिलं. "ठेव तुहं दार," म्हणाले आणि पुढच्या सापळ्याकडं गेले.

रस्सा कसा करायचा तेही बाईनंच सांगितलं. नवऱ्यानं उठून भिंतीला टेकत वाटी तोंडाला लावली. कितीतरी दिवसांनी त्यानं काही मागून खाल्लं होतं.

"तिखट कमी झालंय," तो म्हणाला.

मी हसतच बाहेर गेले आणि उरलेले झिंगे बाईच्या अंगणात, तिच्या झिंग्यांशेजारी वाळत घातले.