पंचमीच्या फेरातल्या कानडी ओळी

तुम्ही कधी स्वतःच्या आईला गप्प केलंय का? मी केलंय, आणि तेही तिच्या मुक्तीसाठी.

शिक्षिकेची नोकरी मिळाली म्हणून गोव्याला निघाले, तेव्हा देवणीच्या स्टँडवर आई म्हणाली, "पोरींना शिकव माय, पर त्यांच्या मायांना शिकवू नको." मी हसले. लागायचं ते लागलंच.

आदल्या श्रावणात लातूरच्या कॉलेजातून स्त्रीमुक्तीच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी गावी आले होते. पंचमीला आमच्याकडं, कर्नाटकाच्या शिवेवर, बाया फेर धरतात. आई मराठीत एक ओळ म्हणायची, शेजारची शांतव्वा कानडीत पुढची. गाण्यात सगळा सासुरवास. मी भर फेरात ओरडले, "ही गुलामीची गाणी आहेत!"

"लई शिकली बघा आमची मास्तरीण," आई म्हणाली आणि फेरातून बाहेर पडली. तिच्यामागं शांतव्वाही. परत दोघी गायल्याच नाहीत.

मडगावात गणपतीच्या चवथीला शेजाऱ्यांकडं फुगडी होती. माझी घरमालकीण मारिया आंटी ख्रिस्ती, पण फ्रॉक सावरत सरळ गोलात शिरली. ओसरीवर घुमट, गोव्याचं ते मातीचं वाद्य, वाजत होतं. असंच घुमट तिच्या भाचीच्या लग्नातही वाजलं होतं. फुगडीत एका सुनेनं सासूकडं बघत कोंकणीत तिच्या कागाळ्या गायल्या. सासूनं गाण्यातच टोला परतवला, आणि फुगडी आणखी जोरात फिरली.

"सासू चिडली नाही?" मी विचारलं.

"गाण्यांत कोण रागार जाता गो?" आंटी म्हणाली.

तिथं उभ्या उभ्या मला आमचा फेर दिसला. आईची सासूही त्यातच असायची. वर्षभर गिळलेलं आई तिच्या तोंडावर गात होती. माझ्या पत्रकांतला शब्दन् शब्द मला आजही पटतो. पण आईचं पत्रक मीच फाडलं होतं.

त्याच संध्याकाळी फोन केला. "आई, पंचमीचं गाणं म्हण ना."

"कसं म्हणू? निम्मं शांतव्वापाशी व्हतं."

मी गोव्याला यायच्या आधीच शांतव्वा वारली होती.

तरी आई गायली. आपली ओळ म्हणायची, शांतव्वाच्या ओळीएवढी थांबायची, मग पुढची. आता घर म्हटलं की मला ते थांबणं ऐकू येतं.

देवणी, उदगीर, निलंग्याकडच्या माणसांनो, या पंचमीला गावी जा. तुमच्या आईला, मावशीला, शेजारणीला फेरातल्या कानडी ओळी येत असतील तर म्हणायला लावा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. मी त्या ओळी माझ्या आईला ऐकवीन. फक्त गाणारी गात असताना मधे बोलू नका.